बाभळीचे घराणे : नाते कोणाशी, नाव कोणाला?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वर्गात एक नियम कटाक्षाने पाळत. झाडाचे नाव सांगायचे असेल तर आधी पुरावा सांगा. पान दाखवा, फूल उघडा, काटा कुठून निघाला आहे ते बघा आणि मगच तोंड उघडा. त्या नियमाला धरून मी आजचा विषय घेतला आहे. विषय आहे बाभळीचा. सभागृहातल्या प्रत्येकाने ती पाहिली आहे, बहुतेकांना तिचा काटा मोडला आहे आणि पुष्कळांनी तिचा डिंक लाडवातून खाल्ला आहे. म्हणून ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही.

सहा वनस्पती डोळ्यांसमोर आणा. माळावरची बाभूळ, पांढुरक्या सालीचा हिवर, कात देणारा खैर, जंगलात झाडांवर चढणारी शिकेकाई, कुंपणाला लावतात ती सुवासिक फुलांची देवबाभूळ, आणि सामाजिक वनीकरणाने रस्त्यांच्या कडेला व कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ. माझ्या पिढीने या साऱ्यांचे शास्त्रीय नाव एकाच शब्दाने सुरू केले : अकेशिया. आज त्या सहांपैकी एकीलाच ते नाव लावता येते. ती म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ. बाकीच्या पाचांची नावे बदलली आहेत.

हे कळल्यावर पहिली प्रतिक्रिया रागाची असते. आमच्या बाभळीचे नाव काढून परक्या झाडाला दिले, असे वाटते. त्या रागामागे दोन प्रश्नांची गल्लत आहे. कोणाचे कोणाशी नाते आहे, हा एक प्रश्न. त्याचे उत्तर पुराव्याने मिळते. त्या नात्याच्या गटाला कोणते नाव द्यायचे, हा दुसरा. त्याचे उत्तर नियमाने मिळते आणि नियम माणसे करतात. बाभळीच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर पक्के आहे. वाद झाला तो दुसऱ्यावर. आज मला हे दोन प्रश्न वेगळे करून दाखवायचे आहेत.

पुंकेसरांची मोजणी

कार्ल लिनिअसने १७५३ साली ‘स्पीशीज प्लांटॅरम’ प्रसिद्ध केले, तेव्हा बाभूळ त्यात ‘मिमोसा निलोटिका’ म्हणून दाखल झाली. इजिप्तमधल्या नाईल नदीवरून हे नाव आले. लाजाळूही त्याच मिमोसा प्रजातीत होती. इथे एक खुलासा करतो. शास्त्रीय नावाचा पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा असतो. एका प्रजातीत एक जाती असू शकते, तशा हजारही असू शकतात.

लिनिअसची मिमोसा हे फार मोठे गाठोडे होते. पुढच्याच वर्षी, १७५४ मध्ये, इंग्लंडमधल्या चेल्सी येथील औषधी बागेचे फिलिप मिलर यांनी अकेशिया ही प्रजाती वेगळी मांडली. १८०६ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्डेनोव यांनी तिच्यात आणखी पुष्कळ जाती आणल्या. या साऱ्या पसाऱ्याला शिस्त लावली जॉर्ज बेंथम यांनी. १८४२ पासून ते या गटावर लिहीत होते आणि १८७५ मध्ये त्यांचा मोठा आढावा लंडनच्या लिनिअन सोसायटीने छापला.

बेंथमची कसोटी सोपी होती. फुलातले पुंकेसर बघा. ते पुष्कळ आणि सुटे असतील तर झाड अकेशियाच्या गटात. पुष्कळ, पण तळाशी जुळून नळी झालेली असेल तर शिरीषाच्या गटात. मोजकेच, पाकळ्यांइतके किंवा त्यांच्या दुप्पट असतील तर लाजाळू आणि शमीच्या गटात. हातात साधे भिंग असले तरी हे दिसते. म्हणूनच ही पद्धत शंभराहून अधिक वर्षे टिकली आणि आमच्यासारख्यांना परीक्षेत गुण देऊन गेली.

तिचा परिणाम मात्र असा झाला की अकेशिया फुगत गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्यात सुमारे १,३५० जाती मोजल्या जात होत्या. आफ्रिकेतल्या सवानातली छत्रीच्या आकाराची झाडे, मेक्सिकोतली झुडपे, आपल्याकडचे खैर आणि बाभळी, ऑस्ट्रेलियातले वॉटल हे सगळे त्यात होते. त्यांतल्या जवळजवळ तीनचतुर्थांश जाती एकट्या ऑस्ट्रेलियातल्या होत्या. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्यानेच निर्णय फिरवला.

एवढ्या मोठ्या प्रजातीत सारखेपणा नाही, हे बेंथमलाही दिसत होते. त्याने तिच्या पोटात सहा मालिका केल्या. त्या मालिकांच्या सीमा आणि आज जनुकांच्या अभ्यासातून निघालेल्या सीमा बऱ्याच अंशी जुळतात. वाळवलेले नमुने आणि भिंग एवढ्याच सामग्रीवर काम करणाऱ्या माणसाची नजर किती तयार असू शकते, ते यावरून कळते.

काटा काय सांगतो

आता सरांच्या नियमाप्रमाणे पुरावा पाहू. त्यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज नाही.

बाभळीची फांदी घ्या. पानाच्या देठाशी दोन सरळ, पांढरे, लांब काटे जोडीने असतात. पानाच्या बुडाशी जी दोन उपपर्णे असायची, तीच कडक होऊन काटे झाली आहेत. हिवराचे तसेच, देवबाभळीचेही तसेच. बाभळीच्या पिवळ्या गोंड्याचा देठही पाहा. त्याच्या मध्यावर इवल्या छदांचे एक कडे असते.

आता खैराकडे या. त्याचेही काटे जोडीने असतात, पण आखूड आणि मागे वळलेले, आकड्यासारखे. ते उपपर्णांचे नाहीत. फांदीच्या वरच्या थरातून ते फुटतात, गुलाबाच्या काट्यासारखे. खैराचा फुलोराही गोंड्याचा नसून लांबट तुऱ्याचा असतो. शिकेकाईचे आकडे जोडीने नसून फांदीभर विखुरलेले असतात, त्यांच्याच आधाराने ती झाडावर चढते. तिची फुले मात्र गोल गोंड्यात येतात. एवढ्यावरून तिला बाभळीजवळ बसवले तर चूक होईल. फुलोऱ्याचा आकार या गटात पुन्हा पुन्हा बदललेला आहे. काट्याची उत्पत्ती त्या मानाने विश्वासू साक्षीदार ठरते.

तिसरी फांदी ऑस्ट्रेलियन बाभळीची. हिला काटाच नाही. आपण जिला पान म्हणतो ते मुळात पान नाही, पसरट झालेला देठ आहे. बी रुजले की सुरुवातीला बाभळीसारखी बारीक पिसासारखी पाने येतात. पुढे पर्णिका येणे थांबते आणि देठ रुंद होऊन पानाचे काम करू लागतो. रोपवाटिकेत एकाच रोपावर दोन्ही प्रकारची पाने शेजारी शेजारी दिसतात. विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखी याहून चांगली गोष्ट नाही.

तीन फांद्या आणि तीन घडणी. पुंकेसर तेवढे तिन्हीकडे पुष्कळ आणि सुटे. प्रश्न असा की नाते ठरवताना पुंकेसरांचे ऐकायचे की बाकी साऱ्यांचे?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाकी साऱ्यांची बाजू भक्कम होत गेली. या झाडांचे परागकण सुटे नसतात, गठ्ठ्याने असतात. फ्रेंच संशोधक गिने यांनी १९६९ मध्ये त्या गठ्ठ्यांची रचना तपासली. व्हासाल यांनी १९७२ मध्ये बिया आणि रोपे तपासली. दोन्हीकडे तेच तीन ढीग पडले. १९८६ मध्ये क्वीन्सलंडचे लेस्ली पेडली यांनी स्पष्टच मांडले की अकेशिया ही एक प्रजाती नव्हे, तीन आहेत.

मग आला डीएनए. २००० च्या सुमारास वेगवेगळ्या देशांतल्या गटांनी हरितलवकांच्या जनुकक्रमांची तुलना केली, आणि पेडली सावध बोलत होते असे वाटावे असा निकाल लागला. ऑस्ट्रेलियन अकेशियांचे जवळचे नातलग बाभळी नाहीतच. ते आहेत शिरीष, वर्षावृक्ष आणि विलायती चिंच यांच्या गोतावळ्यात. बाभळीचा गट त्यांच्यापासून बराच लांब, वेगळ्या फांदीवर बसतो. अनेक सुटे पुंकेसर हे लक्षण एकाच पूर्वजाकडून सर्वांना आलेले नाही. बेंथमने ज्यावर भिस्त ठेवली ते साम्य नात्याची खूण म्हणून टिकले नाही.

वर्गीकरणाचा आजचा मूलभूत दंडक असा की एका प्रजातीत एका पूर्वजाचे वंशज यावेत, आणि सगळे यावेत. या दंडकाने दोनच मार्ग उरत होते. एक, शिरीष, वर्षावृक्ष, विलायती चिंच, लाजाळू या सगळ्यांना अकेशियात ओढायचे. तसे केले असते तर प्रजाती या शब्दाला अर्थच उरला नसता. दुसरा मार्ग अकेशिया फोडण्याचा. ती फोडली. आज त्या जुन्या अकेशियाच्या पाच मुख्य प्रजाती धरल्या जातात. त्यांतल्या अकेशिएला आणि मारिओसूसा या दोन लहान आहेत, दोन्ही अमेरिका खंडांतल्या, पंधरा-पंधराच्या आसपास जातींच्या. मोठे गट तीन : बाभूळ, हिवर, देवबाभूळ यांचा, खैर आणि शिकेकाई यांचा, आणि ऑस्ट्रेलियाचा.

पहिला प्रश्न इथे संपला. माझ्या माहितीत, हा गट अभ्यासणाऱ्या कोणीही आज अकेशिया अखंड ठेवा असे पुराव्याने म्हणत नाही.

नावाची वाटणी

भावाभावांत वाटणी झाली की घराण्याचे नाव थोरल्या वाड्याला राहते. वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिताही साधारण तसेच सांगते. प्रत्येक प्रजातीला एक नमुना जाती असते. प्रजाती फुटली की जुने नाव नमुना जाती ज्या वाट्यात असेल त्या वाट्याकडे जाते. अकेशियाची नमुना जाती ब्रिटन आणि ब्राऊन या अमेरिकन लेखकांनी १९१३ मध्ये निवडली होती. ती होती आपलीच बाभूळ, म्हणजे लिनिअसची निलोटिका.

हा नियम सरळ लावला असता तर अकेशिया हे नाव बाभळीकडे राहिले असते, आणि ऑस्ट्रेलियातल्या हजाराच्या घरातील जातींना ‘रॅकोस्पर्मा’ म्हणावे लागले असते. एकेका जातीचे नवे संयुक्त नाव छापायचे, प्रत्येक वनस्पतिसंग्रहालयात चिठ्ठ्या बदलायच्या, लाकूड, बियाणे आणि वनीकरण यांच्या नोंदी सुधारायच्या. त्यात ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय फूलही अकेशियाच आहे.

संहितेत अपवादाची सोय आहे. मोठी गैरसोय होणार असेल तर नमुना जाती बदलण्याचा प्रस्ताव मांडता येतो. ऑर्चर्ड आणि मास्लिन या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये तसा प्रस्ताव दिला. नमुना जाती म्हणून बाभळीऐवजी ‘अकेशिया पेनिनर्व्हिस’ ही ऑस्ट्रेलियन जाती घ्यावी, म्हणजे कमीत कमी नावे बदलतील, हे त्यांचे म्हणणे. संबंधित समितीत प्रस्तावाच्या बाजूने नऊ आणि विरोधात सहा मते पडली.

२००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत हा विषय मतदानाला आला. मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ५५ टक्के लोक बदलाच्या विरोधात होते, तरीही बदल मंजूर झाला. कारण समितीची शिफारस फेटाळायला ६० टक्के मते लागतात, असा दंडक तिथे लावला गेला. आफ्रिकेतल्या आणि अमेरिका खंडांतल्या अनेक अभ्यासकांना हे पटले नाही. बहुमत एका बाजूला आणि निकाल दुसऱ्या बाजूला, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती पोकळ नव्हती. सहा वर्षे लेखांवर लेख लिहिले गेले. २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेत प्रश्न पुन्हा उभा राहिला. तिथे मोठ्या बहुमताने व्हिएन्नाचा निर्णय कायम झाला. विषय मिटला.

तेव्हापासून बाभूळ आहे ‘वाशेलिया निलोटिका’, हिवर ‘वाशेलिया ल्युकोफ्लोआ’, देवबाभूळ ‘वाशेलिया फार्नेसियाना’. खैर ‘सेनेगालिया कॅटेचू’ झाला आणि शिकेकाई ‘सेनेगालिया रुगाटा’. रस्त्याकडेची ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र ‘अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस’ होती ती तशीच राहिली.

वाशेलिया हे नाव परके वाटते, पण ते जन्माला आले भारतीय द्वीपकल्पाच्या वनस्पतींवरील ग्रंथात. रॉबर्ट वाइट मद्रास इलाख्यात काम करत होते. त्यांनी आणि वॉकर-आर्नट यांनी १८३४ मध्ये ‘प्रोड्रोमस’ छापले. त्यात देवबाभळीसाठी त्यांनी ही प्रजाती केली, आणि मकाव येथील पाद्री व चीनमधल्या वनस्पतींचे संग्राहक वाशेल यांचे नाव तिला दिले. सेनेगालिया हे रॅफिनेस्क यांचे १८३८ मधले नाव. सुदान आणि सेनेगलकडचा प्रसिद्ध डिंक ज्या झाडाचा, ते त्या प्रजातीचे नमुना झाड. म्हणजे ही दोन्ही नावे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे कपाटात पडून होती. गरज पडली तेव्हा ती बाहेर काढली.

शमीचा दाखला

निर्णय आपल्याविरुद्ध लागला म्हणून संहिताच पक्षपाती, असे कोणी म्हणेल तर त्याला शमीचे उदाहरण सांगावे.

दसऱ्याला पुजली जाणारी शमी आणि उजाड माळ, ओढे, पडीक जमिनी व्यापून बसलेली वेडी बाभूळ या दोन्ही कालपरवापर्यंत ‘प्रोसोपिस’ होत्या. वेडी बाभूळ बाभळीच्या प्रजातीतली नाही. ती अमेरिका खंडातून आलेली आहे. प्रोसोपिसचीही तपासणी झाली, आणि तीही एका पूर्वजाची नाही असे निघाले. २०२२ मध्ये तिची फोड झाली. इथे नमुना जाती शमी होती आणि ती बदलण्याचा प्रस्ताव संमत झालेला नव्हता. म्हणून प्रोसोपिस हे नाव शमीकडे राहिले. आता त्या प्रजातीत तीनच जाती आहेत. अमेरिकेतल्या पन्नासेक जाती नाव बदलून बाहेर पडल्या, आणि वेडी बाभूळ ‘नेल्टुमा जुलिफ्लोरा’ झाली.

एका प्रकरणात अपवाद लागू झाला, दुसऱ्यात नियम. एकात नाव आपल्या झाडाकडून गेले, दुसऱ्यात आपल्या झाडाकडे राहिले. दोन्हीकडे फोड मात्र पुराव्यानेच झाली. म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. बाभूळ, खैर आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ वेगळ्या करणे बरोबर होते, आणि त्यावर मतदान कधी झालेच नाही. मतदान झाले ते फक्त पाटी कोणी लावायची यावर. ते मतदान ज्या रीतीने झाले ती रीत निर्दोष नव्हती. पण हजारभर नावे बदलण्याऐवजी काही शे बदलली, ही सोय खरी आहे. आता तो निर्णय मोडण्यात कोणाचाच फायदा नाही.

याच सुमारास वरच्या पायरीवरही फेरबदल झाले. २०१७ मध्ये शेंगावर्गीय कुलाची नवी मांडणी आली. तिच्यात बाभळी-शिरीषांचे जुने उपकुल स्वतंत्र राहिले नाही, ते गुलमोहर आणि बहावा यांच्या उपकुलात सामावले. चिंच मात्र त्यातून बाहेर पडून वेगळ्या उपकुलात गेली, आपटा आणि कांचन आणखी वेगळ्या. पाठ्यपुस्तकांतले तीन उपकुलांचे कोष्टक आता जुने झाले आहे.

आपण काय करावे

हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाही. खैराच्या लाकडाची तोड आणि वाहतूक कायद्याच्या नोंदीत असते. आयुर्वेदाच्या औषधकोशात ‘खदिर’ या नोंदीपुढे अकेशिया कॅटेचू छापलेले आहे. गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात काताची चर्चा केली, तेव्हापासून आजपर्यंत या एका झाडावर वेगवेगळ्या नावांनी लिहिले गेले आहे. नवा शोधनिबंध सेनेगालिया म्हणणार, जुनी नोंद अकेशिया म्हणणार. दोन्ही एकाच झाडाच्या आहेत हे ज्याला माहीत नाही, त्याची अर्धी माहिती हरवते. संगणकावर शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याचे तर हमखास असे होते.

वनस्पतिसंग्रहालयात यावर जुना आणि चांगला उपाय आहे. वाळवलेल्या नमुन्याच्या कागदावर पहिल्या ओळख पटवणाऱ्याची चिठ्ठी असते. पुढच्या अभ्यासकाला नाव बदलावेसे वाटले तर तो जुनी चिठ्ठी फाडत नाही, खोडत नाही. शेजारी आपली चिठ्ठी चिकटवतो, तिच्यावर सही आणि तारीख घालतो. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावर तीन-चार चिठ्ठ्या असतात. मिमोसा, अकेशिया, वाशेलिया ही सगळी वाटचाल त्यात वाचता येते. पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय संग्रहालयात किंवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये परवानगी घेऊन असे कागद जरूर पाहा.

शेतकऱ्यांचे वर्गीकरण यात कुठे बसते, असे मला नेहमी विचारतात. ते प्रजातीच्या पायरीवर नसते, जातीच्या आतल्या पायरीवर असते, आणि तिथे ते अतिशय बारीक असते. सरळ उंच वाढणारी, सावली कमी धरणारी रामकाठी बाभूळ शेताच्या बांधाला चालते, पसरणारी चालत नाही, हा भेद शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या करत आला. शास्त्रानेही रामकाठीला ‘क्युप्रेसिफॉर्मिस’, म्हणजे सरूच्या आकाराची, अशा वेगळ्या उपजातीचा दर्जा दिला. शास्त्र आणि शेत इथे एकाच गोष्टीकडे बघत आहेत. फक्त शेतकऱ्याला बांध सांभाळायचा आहे आणि शास्त्रज्ञाला वंशवृक्ष.

तेव्हा माझ्या आपल्याकडे तीन मागण्या आहेत, आणि तिन्ही बिनखर्चाच्या आहेत. ज्यांच्या हातात महाविद्यालयाची बाग, शहराचे उद्यान किंवा वनखात्याची रोपवाटिका आहे, त्यांनी पाट्या नव्याने रंगवताना मराठी नाव सर्वांत वर ठेवावे, त्याखाली आजचे शास्त्रीय नाव लिहावे आणि त्याच्या खाली ‘पूर्वीचे नाव’ म्हणून जुने नावही ठेवावे. शिक्षकांनी या तीन फांद्या वर्गात आणाव्यात आणि नाव न सांगता मुलांकडून काटे तपासून घ्यावेत. आणि जे मराठीतून झाडांवर लिहितात, त्यांनी लेखात एकदा तरी दोन्ही नावे द्यावीत. नावे पुढेही बदलतील, कारण पुरावा वाढत जातो. आपल्या लिखाणातून जुन्या नावाकडून नव्या नावाकडे जाणारी वाट बुजू नये, एवढी जबाबदारी आपली आहे. ती आपण घ्यावी, अशी विनंती करून मी थांबतो.